निळ्या फुलपाखरांची ओळख निळ्या रंगावरून होत नाही

पावसाळा सरता सरता परभणी-हिंगोलीकडे कुठल्याही धुऱ्यावर नखाएवढी निळसर फुलपाखरे जमिनीलगत उडताना दिसतात आणि त्या सगळ्यांची नोंद सर्रास ‘ग्रास ब्लू’ या एकाच नावाने केली जाते. वास्तविक त्यांत पेल, डार्क, लेसर आणि टायनी अशा निदान चार जाती असू शकतात. त्या वेगळ्या काढताना निळ्या रंगाचा उपयोग फारच थोडा. निळाई मुख्यतः नराच्या पंखांच्या वरच्या बाजूला असते, मादी बरीचशी तपकिरी असते. शिवाय हा रंग खवल्यांच्या सूक्ष्म रचनेमुळे दिसत असल्याने उजेडाचा कोन बदलताच छटाही बदलते.

त्यामुळे पंख मिटून बसलेल्या फुलपाखराच्या पुढच्या पंखाची खालची बाजू पाहावी. तेथे बुडापासून मध्यापर्यंत शिरांनी वेढलेल्या कोष्ठात सुटा ठिपका असेल तर ते पेल किंवा डार्क, आणि नसेल तर लेसर किंवा टायनी. कोष्ठाच्या टोकाशी असलेली आडवी रेघ मात्र चौघांतही असते. तिलाच ठिपका समजल्याने बरेच घोटाळे होतात. टायनीच्या याच पंखाच्या पुढच्या कडेलगत, साधारण मध्यावर, बारीक जादा ठिपका असतो, तो लेसरमध्ये नसतो. अडचण एवढीच की बसल्यावर हा भाग पुष्कळदा मागच्या पंखाआड जातो, म्हणून एका छायाचित्रावर समाधान मानू नये. उन्हाळ्यात ठिपके फिकट होतात. तेव्हाच्या छायाचित्रावरून छातीठोकपणे जात सांगणाऱ्यांचे मला नवल वाटते.

पेलचा नर वरून फिकट, चंदेरी निळा, तर डार्कचा गडद जांभळट आणि रुंद काळपट किनारीचा असतो. मादी आंबुशीवर अंडी घालत असेल तर पेलची, सराट्यावर किंवा माठावर घालत असेल तर डार्कची शक्यता अधिक; नुसता मध पिण्यासाठी मात्र ती कोठेही बसतात.

मूग-उडदाच्या रानातली, मागच्या पंखाला बारीक शेपटी असलेली ग्रॅम ब्लू आणि पी ब्लू ही निराळी. दोघांच्याही शेपटीपाशी नारिंगी झाक असलेले काळे ठिपके असतात, परंतु शेपटी अनेकदा तुटलेली असते. अशा वेळी मागच्या पंखाच्या खालच्या बाजूला तपकिरी नागमोडी रेघा आणि कडेच्या आत ठळक पांढरा पट्टा दिसला, तर ते पी ब्लू समजावे.