कोन गेलं रे बाबू?

पौषात हरभरा घाट्यावर आला की आमच्या शिवारात रात्री दोन आवाज असतात, एक कोल्ह्याचा आणि एक भोंग्याचा. भोंगा बॅटरीवरचा, पेन ड्राइव्ह लागणारा. त्यात कुत्र्यांचं भुंकणं, वाघाची डरकाळी, कुणीतरी घसा फोडून केलेलं ‘हाऽड हाऽड’ असं सगळं भरायचं आणि धुऱ्यावरच्या बाभळीला टांगून द्यायचं. रोही बुजतात. रानडुकरं चार दिवस बुजतात, पाचव्या दिवशी भोंग्याखालीच उकरायला लागतात. मग माणसालाच जागलीला जावं लागतं.

मचाणावर रात्रभर करायचं काय? पायाशी शेकोटी असली तरी पाठ गारठलेलीच असते. मोबाईलला रेंज फक्त एका कोपऱ्यात, तीही उकिडवं बसलं तर. त्या कोपऱ्यात बसून मी दोन हिवाळे एकच गोष्ट शोधली: खूप माणसं मिळून गातात, खालच्या आवाजात, कळत नाही अशा भाषेत, आणि ऐकताना मानेवर गार हात ठेवल्यासारखं होतं, ते गाणं. कुठल्याशा जाहिरातीत दहा सेकंद ऐकलं होतं. नाव माहीत नसलेलं गाणं शोधणं म्हणजे बाजारात हरवलेलं वासरू शोधण्यासारखं आहे. रंग सांगता येतो, पण तेवढ्या रंगाची चाळीस वासरं निघतात. मराठीत ‘भीतीदायक समूहगान’ टाकलं तर भुताच्या गोष्टी आल्या. ‘डार्क’, ‘क्लासिकल’, ‘चँटिंग’ हे तीन शब्द एकत्र टाकले तेव्हा कुठे वाट सापडली.

पहिलं सापडलं ते सगळ्यांनाच पहिलं सापडतं. कार्ल ऑर्फ या जर्मन संगीतकाराचं ‘कार्मिना बुराना’, पहिला प्रयोग १९३७ सालचा. ऐकताना वाटतं, सैतानाची महाआरती चालू आहे. अर्थ शोधला तर हसू आलं. बव्हेरियातल्या एका मठात १८०३ मध्ये जुनं हस्तलिखित सापडलं, त्यातली ही गाणी: दारूची, प्रेमाची, मठाबाहेर भटकणाऱ्या विद्यार्थ्यांची. ते सुरुवातीचं प्रसिद्ध, धडकी भरवणारं गाणं तर दैवाला दिलेल्या शिव्या आहेत. दैवा, तू चंद्रासारखं, कधी वाढतंस, कधी घटतंस. एवढ्यासाठी दोनशे माणसं कशाला ओरडायला हवीत? आमच्या बाजार समितीच्या फाटकावर कापसाची गाडी घेऊन उभा असलेला एकटा माणूस हे पुरेशा आवाजात म्हणतो.

तरी त्या धाग्याने पुढे गेलो आणि खरा खजिना लागला: रेक्विएम. मेलेल्यांसाठीची लॅटिन प्रार्थना, तिला निरनिराळ्या संगीतकारांनी चाली दिल्या. तिच्यात ‘दिएस इरे’ नावाचा भाग असतो, ‘कोपाचा तो दिवस’. त्याची मूळ चाल तेराव्या शतकातली, वाद्य नाही, ठेका नाही, सगळे एकाच सुरात. भजनी मंडळाची पेटी आमच्याकडेच असते म्हणून वाजवून पाहिलं. पहिले चार सूर एवढेच: ग रे ग सा, गंधार कोमल. पुन्हा पुन्हा वाजवलं. आई आतून म्हणाली, “दिवेलागणीले हे काय लावलं?” सहाशे वर्षांनी बर्लिओझ या फ्रेंच संगीतकाराने १८३० मध्ये हीच चाल आपल्या सिम्फनीतल्या चेटकिणींच्या जत्रेत घातली, नंतर लिस्टने उचलली, रशियाचा रखमानिनोव्ह तर आयुष्यभर तिच्याकडे परत परत येत राहिला. एवढ्याशा सुरांनी इतक्या लोकांची झोप उडवली, त्यात आई कुठे वेगळी?

मग मला कल्पना सुचली. डुकरांना वाघ पाठ झालाय, व्हर्दी नाही.

इटलीतल्या व्हर्दीने आपल्या आवडत्या लेखकाच्या, मान्झोनीच्या, वर्षश्राद्धाला मिलानमध्ये आपला रेक्विएम सादर केला, २२ मे १८७४ रोजी. त्यातला ‘दिएस इरे’ म्हणजे आभाळ फाटल्यासारखा. गाणारे किंचाळत असतात आणि अधूनमधून एक मोठा ढोल एकट्यानेच दणका देतो. या ढोलाच्या दोऱ्या चांगल्या ताणून घ्या, आवाज कोरडा आणि कडक आला पाहिजे, असं व्हर्दीने स्वरलिपीतच लिहून ठेवलं आहे. डफडं शेकोटीवर तापवून घेणाऱ्या कुठल्याही माणसाला हे समजावं लागणार नाही.

रात्री एकच्या सुमाराला भोंग्यावर व्हर्दी सोडला. रोह्यांचा कळप नाल्यापलीकडे कसा गेला ते दिसलंसुद्धा नाही, नुसत्या टापा ऐकू आल्या. आणि दहा मिनिटांत धुऱ्यावरून बॅटरीचा उजेड हलत आला. शेजारच्या वावरातले काकाजी. कानाला मफलर, हातात काठी, धाप लागलेली.

“कोन गेलं रे बाबू?”

“कोनी नाही काकाजी. गाणं आहे.”

“गाणं? मले त वाटलं गावात घात झाला.” बसले, बिडी पेटवली, थोडं ऐकलं. “मेलेल्याचंच हाय न पन?”

हो म्हटलं. मग त्यांना मोझार्टचं सांगितलं. एका सरदाराने मधल्या माणसाकरवी मोझार्टला रेक्विएम लिहायला लावला. बायकोच्या स्मरणार्थ तो स्वतःच्याच नावावर खपवायचा होता. मोझार्ट ५ डिसेंबर १७९१ रोजी काम अर्धवट टाकून गेला, मग झ्युसमायर नावाच्या शिष्याने ते पुरं केलं. काकाजींनी धूर सोडला. “म्हंजे पेरलं एकानं, सोंगलं दुसऱ्यानं, अन् सातबारा तिसऱ्याच्या नावानं.”

पण व्हर्दी त्यांना पटला नाही. काकाजी मंडळात खंजिरी वाजवतात, तुकडोजी महाराजांची भजनं म्हणतात. मयतीच्या घरी रात्रभर भजन होतं तेव्हा पहाटे तीनला, घरची माणसं रडून थकली की, तेच लय वाढवतात. “मेलं त्याच्या घरी लोकायले अजून भेव दाखवाचं काय? आपन गातो थे भेव जावाले गातो.” मला उत्तर सुचलं नाही. भीती जावी म्हणून गाणारे आणि ती पुरती येऊ द्यावी म्हणून गाणारे, अशी दोन प्रकारची माणसं असावीत. मी कुठला, ते त्या मचाणावर तरी ठरलं नाही. डुकरं मात्र दोनच रात्रीत व्हर्दीला सरावली.

खालच्या आवाजाचं वेड पण राहिलं. तसा आवाज समोर बसून मी एकदाच ऐकलाय, गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळच्या तिबेटी वसाहतीत. म्हातारे भिक्खू पाठ करत होते आणि तो आवाज कानाआधी पोटाला लागत होता. त्याच्या जवळ जाणारं काही सापडलं ते रखमानिनोव्हचं, मार्च १९१५ मध्ये मॉस्कोत पहिल्यांदा गायलेलं. वाद्य एकही नाही; रशियन चर्चमध्ये चालतच नाही. पाचव्या भागाच्या शेवटी खर्जाचे गायक एकेक पायरी उतरत काळी पाचपर्यंत जातात, तीही इतकी खालची की आमच्या पेटीच्या डावीकडच्या पट्ट्या संपतात तरी तो सूर येत नाही. असे गळे आणू कुठून, असं गायनवृंदाच्या संचालकाने विचारलं होतं म्हणे. रखमानिनोव्हला आपल्या लोकांचे आवाज माहीत होते. आणि या रचनेच्या नावाचा अर्थ काय, तर रात्रभरची जागल.

वावरात ते लावलं आणि निराशा झाली. मोकळ्या रानात आवाज निघतो आणि निघूनच जातो. ही गाणी दगडी भिंतींसाठी केलेली, छताला लागून परत येणाऱ्या आवाजासाठी. आमच्याकडे दगडी भिंत एकच, विहिरीची. आजोबांच्या वेळची बांधीव, पाणी तळाला. लहान स्पीकर बादलीत ठेवला, त्यावर पोतं, आणि दोर हळूहळू सोडला.

पंधरा हात खाली गेल्यावर विहीर गायला लागली. एक सूर विरायच्या आत दुसरा वर येत होता, काठाचे दगड तळव्याला गुणगुणत होते. काकाजी न बोलावता आले, काठावर ओणवे झाले. बिडी विझली ती त्यांनी पुन्हा पेटवली नाही. शेवटच्या पायऱ्या उतरताना त्यांनी माझा दंड धरला, आत पडू नये म्हणून की आणखी कशाने, विचारलं नाही.

“अजून एक डाव लाव,” ते म्हणाले.

तीनदा लावलं. उजाडल्यावर पाहिलं तर पूर्वेकडच्या धुऱ्यालगतची हरभऱ्याची सहा तासं डुकरांनी साफ केली होती.