गुड फ्रायडेची मयत

मी वसईत एका चर्चच्या ऑफिसात कारकून आहे. रजिस्टर लिहायचे, मिस्सेची (म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेची) इंटेन्शन्स घ्यायची, कुणाच्या नावानं लावायची ते, लग्नाचे कागद, दफनभूमीच्या पावत्या, झालंच तर माईक बिघडला की इलेक्ट्रिशियनच्या मागे लागायचं. ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात तर श्वास घ्यायला फुरसत नसते, आणि नेमकं त्यातच गुरुवारी रात्री गावातली एक म्हातारी गेली.

शुक्रवारी सकाळी तिचा मुलगा डॉक्टरचं सर्टिफिकेट घेऊन ऑफिसात आला. पन्नाशीचा माणूस, मुंबईत नोकरी, चर्चशी संबंध कधीच सुटलेला. मी नाव वय लिहून घेतलं आणि पुढचं सांगायला जीभच उचलेना, कारण गुड फ्रायडेला मिस्सा नसते, जगात कुठेच नसते, त्या दिवशी कुणाला पुरायचं असलं तर नुसती प्रार्थना आणि दफन. गाणं नाही, वाद्य नाही, घंटासुद्धा नाही. आमच्या फादरांच्या मनाचं नाही हे, व्हॅटिकनच्या 1988 च्या पत्रात तसं स्पष्ट लिहिलंय. आणि म्हातारी कोण, तर जन्मभर क्वायरमध्ये गायलेली, गावातल्या कितीतरी मयतांना हिचाच आवाज.

"म्हणजे आईला मुक्यानंच न्यायचं?" तो म्हणाला. "सगळ्या गावासाठी ती गायली आणि तिच्यासाठी कोणी नाही? वा रे तुमचा देव."

मी काय बोलणार. तेवढ्यात फादर आले, त्यांनी ऐकलं होतं सगळं. मला वाटलं आता समजूत काढतील, देवाची इच्छा वगैरे (हे वाक्य मयताच्या घरी बोलणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो, असो). तर ते त्याला म्हणाले, "चल, आत येऊन बघ." आम्ही तिघं चर्चमध्ये गेलो. गुरुवारच्या मिस्सेनंतर वेदीवरचं सगळं काढतात, तसं काढलेलं होतं. कापड नाही, मेणबत्ती नाही, क्रूस नाही, नुसता दगड. पवित्र भाकर ठेवायच्या प्रसादपेटीचं दार सताड उघडं, आत काही नाही. फादर म्हणाले, "आज माझ्याकडेच काही नाहीये रे, तुला कुठून देऊ?"

"शोक करणारे धन्य, असं तुम्हीच शिकवता ना? मला नाही काही धन्य वाटत."

"मलाही नाही वाटत. पण ते वाक्य मी खोडणार नाही, आणि तुझा राग पण खोडणार नाही."

बस, एवढंच. मग दहाच्या सुमारास मयत निघाली. इतके लोक आणि आवाज फक्त चपलांचा, मध्ये मध्ये जपमाळ म्हणणाऱ्या बायकांचा. तिच्या क्वायरच्या बायका शवपेटीमागे ओठ घट्ट मिटून चालत होत्या, त्यातल्या एकीचे ओठ हलायचे, आवाज नाही, नुसते हलायचे. घरी चहा आला तर उपवासाला दुधाचा चहा चालतो की नाही यावर दोन म्हाताऱ्यांची जुंपली, तेवढाच काय तो आवाज झाला.

आता माझं मत सांगतो, पटलं तर बघा. गुड फ्रायडेच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी आपण बायबलमधलं स्तोत्र 22 म्हणतो, माझ्या देवा तू मला का सोडलंस, आणि गुड फ्रायडेला स्तोत्र 31, माझा आत्मा तुझ्या हाती सोपवतो. दोन्ही वाक्यं येशूच्याच तोंडची, क्रूसावरचीच. शुभवर्तमानं लिहिणाऱ्या चौघांपैकी मत्तय आणि मार्क पहिलं सांगतात, लूक दुसरं, आणि योहान तर तिसरंच, पूर्ण झालं आहे. चर्च पाच दिवसांच्या आत हे सगळं वाचतं आणि यातलं खरं कुठलं ते सांगत बसत नाही. 451 साली काल्सेदोनला चर्चची परिषद भरली, तिथेही तेच झालं, येशू पूर्ण देव आणि पूर्ण माणूस, एकाच वेळी. निम्मा निम्मा म्हणाले असते तर हिशेब सोपा गेला असता, पण नाही म्हणाले. मी रोज जमाखर्च जुळवणारा माणूस, मला आधी याचा त्रास व्हायचा. त्या दिवशी त्या माणसाकडे बघून वाटलं की जुळलं नाही म्हणून खोटं असं थोडंच आहे, शिव्या देवालाच देतोय म्हणजे समोर कोणीतरी आहे असं धरूनच देतोय ना.

दुपारी तीनच्या विधीला तो आला. येईल असं मला वाटलं नव्हतं. शेवटच्या बाकावर, हात बांधून. क्रूसाचं चुंबन सुरू झालं तेव्हा माझी ड्युटी क्रूसावरच्या येशूचे पाय पुसायच्या कापडाची, म्हणजे एकानं चुंबन घेतलं की पुसायचं, दुसऱ्यानं घेतलं की पुसायचं, तासभर तेच. कमरेचा पार काटा ढिला होतो. रांगेत तो पण आला. चुंबन घेतलं नाही. खिळा आहे तिथे तळवा दाबून ठेवला आणि मला ऐकू येईल एवढ्याच आवाजात म्हणाला, "मला अजून पटलेलं नाही, सांगून ठेवतो." मला सांगत होता का वरच्याला, देव जाणे. मागे रांग तुंबली, पण मी काही त्याला पुढे सरका म्हटलं नाही.

शनिवारी ऑफिसात फोन, सोमवारची मिस्सा आईच्या नावानं लावता येईल का. लावली. मग विचारतो, क्वायर असेल ना? म्हटलं असेल. घंटा? म्हटलं वाजेल. मग त्यानं आईची तीन गाणी लिहून घ्यायला लावली, कुठलं कधी म्हणायचं त्याच्यासकट, आणि म्हणाला, "मी येईनच असं नाही हां भाऊ, माझा काही विश्वास बिश्वास नाही. पण सुरुवात वेळेवर करा, मला विरारवरून साडेनऊची लोकल पकडायची आहे."