वेरूळचं ऊन, पैठणचा माग आणि फोटोची परवानगी

डिसेंबरात आम्ही तिघी लातूरहून निघालो. देवगिरी, वेरूळ आणि पैठण असा तीन दिवसांचा बेत होता. गाडीत दोन कॅमेरे, एक ट्रायपॉड आणि भाच्याकडून मागून आणलेला छोटा ड्रोन होता. यातला ट्रायपॉड तीन दिवसांत एकदाही उघडता आला नाही आणि ड्रोन पिशवीतच राहिला. हे आधी कळलं असतं तर एवढं ओझं वाहिलं नसतं, म्हणून मागून येणाऱ्यांसाठी सगळं नीट लिहिते.

वेरूळला शक्यतो दुपारी दोननंतर जा. लेण्यांची तोंडं पश्चिमेला आहेत. सकाळी कैलास सावलीत असतो. तिसऱ्या प्रहरी ऊन तिरपं होतं आणि मग हत्ती, ध्वजस्तंभ, भिंतीवरचे रामायणाचे पट एकेक करून उजळत जातात. दहाव्या लेण्यातल्या बुद्धमूर्तीसाठीही हीच वेळ बरी. मंगळवारी वेरूळ बंद असतं आणि सोमवारी अजिंठा, तेव्हा दोन्ही जोडून करणाऱ्यांनी वार बघूनच निघावं.

तिकिटाच्या खिडकीजवळची पाटी वाचा. साध्या फोटोला वेगळे पैसे नाहीत, व्हिडिओ कॅमेऱ्याचं शुल्क मात्र निराळं लागतं. ट्रायपॉड दिसताच रखवालदारांनी आम्हाला थांबवलं, आणि ते बरोबरच होतं. केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकात ट्रायपॉडला पुरातत्त्व खात्याची आगाऊ लेखी परवानगी लागते. ती संभाजीनगरच्या मंडळ कार्यालयातून घ्यायची असते, दारावरचा माणूस ती देऊ शकत नाही. त्याच्याशी हुज्जत घालून काहीच साधत नाही. लग्नाआधीच्या फोटोशूटसाठी छायाचित्रकाराला घेऊन जाणार असाल तर तोही अर्ज आधीच करा. फ्लॅश कुठेच वापरू नका. अजिंठ्यात तर मुळीच नाही, ते रंग दीड-दोन हजार वर्षं टिकलेत.

ड्रोनबद्दल एक गैरसमज आम्हीही बाळगून होतो. २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन म्हणजे काहीच लागत नाही, असं भाच्यानं सांगितलं होतं. २०२१ च्या ड्रोन नियमांत एवढ्या हलक्या ड्रोनला वैमानिकाचं प्रमाणपत्र लागत नाही, इतकंच खरं आहे. कुठे उडवायचा याची बंधनं त्यालाही आहेत. सरकारच्या 'डिजिटल स्काय' या संकेतस्थळावरच्या नकाशावर हिरवा, पिवळा, लाल असे भाग दाखवलेले असतात. चिकलठाण्याचा विमानतळ जवळ असल्यानं शहराच्या आसपास तर तो नकाशा बघितल्याशिवाय पिशवी उघडूच नये. देवगिरीवरून ड्रोन उडवायचं मनात होतं, पण किल्लाही संरक्षित स्मारक आहे, तिथेही वेगळी परवानगी हवी.

घृष्णेश्वराच्या देवळात कॅमेराच काय, मोबाइलही आत नेता येत नाही. आम्ही पाळीपाळीनं दर्शन घेतलं, एकजण सामान धरून बाहेर.

दुसऱ्या दिवशी वाटेत एका गावचा आठवडी बाजार लागला. एक आजी ढाळ्यांच्या, म्हणजे ओल्या हरभऱ्याच्या, पेंढ्या मांडून बसल्या होत्या, मागून कोवळं ऊन येत होतं. मी कॅमेरा उचलला तशी त्यांनी पदर तोंडावर ओढला.

"फोटू कशाला काढायलीस, बाई?"

"छान दिसताय, आजी."

"तू टाकशील मोबाइलवर. माझ्या सुनंच्या माहेरी दिसंल, अन् म्हणतील सासूला बाजारात बसवलंय."

मी कॅमेरा खाली केला. बाजार ही सार्वजनिक जागा आहे, तिथे फोटो काढायला कायद्यानं सरसकट बंदी नाही, हे मला ठाऊक होतं. पण माणूस चारचौघांत आला म्हणून त्याचं खासगीपण संपत नाही, हे २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठानंही म्हटलं आहे. आणि न्यायालयानं म्हटलं नसतं तरी आजींचं कारण मला पुरेसं होतं. ढाळ्यांचा फोटो काढू का, विचारलं. "त्याचा काढ की," म्हणाल्या. माझ्याकडे पेंढ्यांचे सहा फोटो आहेत आणि त्यांच्या चेहऱ्याचा एकही नाही. लहान मुलांच्या बाबतीत आईबापांना विचारल्याशिवाय कॅमेरा उचलूच नये, असं माझं ठाम मत आहे.

खरा मनस्ताप झाला तो एका तालुक्याच्या बसस्थानकावर. मैत्रीण फलाटावरच्या जुन्या दगडी बाकाचे आणि लाल बसच्या रांगेचे फोटो घेत होती. गणवेशातला एक माणूस आला. "डिलीट करा, नाहीतर कॅमेरा जमा." कुठल्या नियमानं, ते लेखी दाखवा, असं मी विचारलं तर 'सरकारी गुपितांचा कायदा' असं उत्तर मिळालं. पाऊण तास बसवून ठेवलं. शेवटी आतून वरिष्ठ आले, त्यांनी फोटो बघितले आणि जा म्हणाले. पण तोवर मैत्रिणीनं घाबरून चार फोटो पुसून टाकले होते.

म्हणून हे लक्षात ठेवा. १९२३ चा तो कायदा 'प्रतिबंधित ठिकाणां'साठी आहे, आणि अशी ठिकाणं कोणती हे कायद्यातच सांगितलं आहे. पोलीस ठाणंसुद्धा त्या व्याख्येत बसत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं २०२४ मध्ये स्पष्ट केलं. ते प्रकरण पाथर्डीच्या ठाण्यात झालेल्या रेकॉर्डिंगचं होतं. त्याआधी २०२२ मध्ये नागपूर खंडपीठानंही तेच म्हटलं होतं. फोटो पुसायला लावण्याचा अधिकार रखवालदाराला नाही. पोलिसांना कॅमेरा जप्त करायचाच असेल तर त्याची रीतसर नोंद आणि पंचनामा व्हायला हवा. आवाज चढवू नका, नाव आणि हुद्दा विचारा, वरिष्ठांना भेटायचंय म्हणा. रेल्वे स्थानकावर मात्र चांगला कोन मिळवायला रुळांवर उतरू नका. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजारापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

फोटो पुसले गेलेच तर त्या कार्डावर पुढे एकही फोटो काढू नका. कार्ड काढून बाजूला ठेवा. आम्ही तसं केलं म्हणून घरी आल्यावर रिकव्हरी सॉफ्टवेअरनं चारपैकी तीन परत मिळाले.

पैठणला जायकवाडी धरणाच्या नाथसागर जलाशयावर पक्षी बघायला गेलो. थंडीत तिथे रोहित पक्षी (फ्लेमिंगो) येतात. धरणाची भिंत आणि दरवाजे यांच्याकडे कॅमेरा वळवू नका. तिथल्या बंदीच्या पाट्या मी मनापासून पाळते, कारण धरणाची सुरक्षा ही खरीखुरी बाब आहे. पक्ष्यांसाठी पाणथळीच्या काठची गावं गाठा, पहाटे जा आणि थव्याच्या जवळ जाऊन त्याला उठवू नका.

शेवटचा मुक्काम एका पैठणी विणणाऱ्या दादांच्या घरी. त्यांनी स्वतःच सांगितलं, "माझा काढा, हातांचा काढा, पण मागावरचा पदर नको. गिऱ्हाईकानं सांगून करून घेतलेली नक्षी आहे, गिऱ्हाईकाच्या आधी ती दुसऱ्या कुणी बघू नये." मी आडवा धागा नेणाऱ्या धोट्याचा आणि बोटांचा फोटो काढला, पदर चौकटीबाहेर ठेवला आणि पडद्यावर त्यांना दाखवला. एका कोपऱ्यात मोराची मान आली होती. ती त्यांच्या समोरच कापली. आठवड्यानं लातूरहून प्रिंट पाठवली, जाड कागदावर. पैठणला जाणार असाल तर पत्ता लिहून घ्यायला वही सोबत ठेवा. फोटो पाठवतो म्हणून गेलेले बरेचजण पुन्हा फिरकत नाहीत, असं ते म्हणाले.