वांग्याचे काप, काकवी घालून

जुलैत स्पेनमधल्या कोर्दोबाला जाऊ नये, हे आम्हाला तिथे पोचल्यावर कळलं. दुपारी पारा चाळिशी ओलांडतो आणि गावातली माणसं खिडक्यांच्या झडपा ओढून गुडूप होतात. रस्त्यावर उरतात मांजरं आणि आमच्यासारखे पाहुणे. साडेबारालाच पोटात कावळे ओरडू लागले, तर हॉटेलवाला म्हणाला, स्वयंपाकघर दीडला उघडेल. दुपारचं जेवण दोन-अडीचला आणि रात्रीचं नवानंतर, हा तिथला शिरस्ता. आमच्या घरी साडेआठला भांडी घासून पालथी पडलेली असतात.

दुसरी अडचण नवऱ्याची. तो माळकरी घरातला. ‘सिन कार्ने’, म्हणजे मांसाशिवाय, एवढं स्पॅनिश विमानातच घोकून आलेला. पहिल्या दिवशी त्यानं सालमोरेहो मागवलं. टोमॅटो, शिळा पाव, लसूण, मीठ आणि ऑलिव्हचं तेल एकत्र वाटून केलेलं हे कोर्दोबाचं गारेगार सार. सार कसलं, चमचा उभा राहील इतकं दाट. वर उकडलेल्या अंड्याचे तुकडे आणि काहीतरी गुलाबी भुरभुरलेलं. ते गुलाबी म्हणजे हामोन, मीठ लावून महिनोन् महिने सुकवलेली डुकराची तंगडी. वेटरला बोलावलं. त्याचा चेहरा खरोखर निरागस होता. कार्ने नाहीच आहे, म्हणाला, हामोन आहे! तेव्हापासून ‘सिन कार्ने, सिन हामोन’ हा आमचा जोडमंत्र झाला.

मंत्र म्हणूनच आम्ही ‘बेरेनहेनास कोन मिएल’ मागवलं. बेरेनहेना म्हणजे वांगं, मिएल म्हणजे मध. वांग्यावर मध? मी नाक मुरडलं. समोर आले ते चक्क वांग्याचे काप. काही ठिकाणी बोटभर लांब तुकडे करतात, इथे पातळ चकत्या होत्या. पिठात घोळवून तेलात तळलेल्या, कडा जरा वर वळलेल्या, जांभळ्या सालीची काळपट रेघ भोवतीनं दिसणारी. हळद नाही, तिखट नाही. आणि वरून आडवीतिडवी ओतलेली काळ्या रंगाची धार. मधाला कुठला आलाय असा रंग? मी बोट लावून चाटलं आणि नवऱ्याकडे बघितलं. “अरे, काकवी!”

खरंच काकवीच. तिथे तिला ‘मिएल दे कान्या’ म्हणतात, उसाचा मध. मधमाशीचा काडीचा संबंध नाही. आधी गोड, मग मागून हळूच येणारी कडवट, लोखंडी चव. काहिलीतला रस गुळावर यायच्या आधी तांब्यात काढून घेतलेली काकवी लहानपणी कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळात बसून भाकरीशी खाल्ली होती, ती आठवली. कोर्दोबाच्या त्या तापलेल्या गल्लीत मला चुलाणाच्या धुराचा वास आला, असं सांगितलं तर नवरा हसतो.

ऊस तिथे नेला अरबांनी. ७११ साली ते स्पेनमध्ये उतरले आणि पुढच्या काही शतकांत दक्षिणेच्या किनारपट्टीवर उसाचे मळे उभे राहिले. मागे उंच डोंगर, पुढे समुद्र, त्यामुळे तिथे थंडीचा कडाका पडत नाही. आता मळे गेले. साखर कारखाने एकेक करून थंडावले, शेवटचा २००६ साली. मालागाजवळच्या फ्रिहिलियाना गावात एका जुन्या वाड्यात मात्र अजूनही मिएल दे कान्या तयार होते.

वांगंही अरबांनीच नेलं, आणि नावासकट नेलं. संस्कृतातलं ‘वातिंगण’ फारसीत ‘बादिंगान’ झालं, अरबीत ‘बादिंजान’ आणि स्पेनमध्ये ‘बेरेनहेना’. पोर्तुगीजांच्या तोंडी त्याचं ‘बेरिंजेला’ झालं. मग तेच पोर्तुगीज जहाजातून आपल्याकडे आले आणि इंग्रजी शाळेतल्या मुलांना ‘ब्रिंजल’ हा शब्द मिळाला. म्हणजे आपलंच वांगं अर्धं जग फिरून, नाव बदलून परत दारात! साखरेचंही तेच: शर्करा, शकर, सुक्कर, आसुकार. संध्याकाळी तिथल्या जुन्या मशिदीच्या अंगणात गेलो, तर त्याचं नाव ‘पातिओ दे लोस नारांहोस’, नारिंगांच्या झाडांचं अंगण. फळं मात्र कडू. एका मराठी बाईला तिथे डिक्शनरी लागू नये, पण ‘पाणी’ कसं मागायचं ते शेवटपर्यंत खुणेनंच.

पाण्यावरून आठवलं. सांग्रियाचे, म्हणजे फळं घातलेल्या रेड वाइनचे, काचेचे जग समोर घेऊन बसलेले बहुतेक आमच्यासारखेच परदेशी. गावकरी उन्हाळ्यात ‘तिंतो दे वेरानो’ पितात, म्हणजे रेड वाइनमध्ये लेमन सोडा आणि भरपूर बर्फ. मी जवळच्या मोन्तिया गावची फिनो ही पांढरी वाइन घेतली, कोरडी आणि थंडगार. तेलकट कापांवर ती फार छान लागते. नवऱ्यानं नुसता लेमन सोडा घेतला.

त्या कापांची खुबी मी वेटरला विचारली. वांगं तळण्याआधी भिजवायचं, कुणी दुधात, कुणी मिठाच्या पाण्यात, कुणी चक्क बिअरमध्ये. ही तिसरी पद्धत मी नवऱ्याला अजून सांगितलेली नाही.

पुण्यात परतल्यावर आईला बोलावलं आणि घाट घातला. भरताचं मोठं वांगं, मिठाच्या पाण्यात अर्धा तास, मग कणीक लावून तळण. काकवीची बाटली घरात होतीच. पानं मांडायच्या गडबडीत मी ती आधीच ओतून ठेवली, आणि आई हात धुऊन बसेपर्यंत काप पार मऊ पडले. आईनं एक खाल्ला. दुसरा घेतला. मग ताटातली काकवी पोळीच्या तुकड्यानं निपटत म्हणाली, “पुढच्या वेळी काकवी वेगळी वाढ. आणि कापांना तिखट लाव गं थोडं.”