सेटलमेंटच्या तारेआड मालतीबाई

सोलापुरात रिक्षावाल्याला आजही नुसते ‘सेटलमेंट’ म्हटले की पुरते. मात्र १८७१च्या कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना जिथे काटेरी तारेआड कोंडून हजेरीला उभे केले जाई, त्या वसाहतीत लेखिका मालतीबाई बेडेकर नोकरीला होत्या, हे त्यांची ‘बळी’ (१९५०) ही कादंबरी हाती येईपर्यंत मला ठाऊक नव्हते. १९३३ साली विभावरी शिरूरकर या टोपणनावाने त्यांनी ‘कळ्यांचे निःश्वास’ या कथासंग्रहात शिकलेल्या अविवाहित मुलींची घुसमट मांडली, तेव्हा ही लेखिका कोण, यावरच गदारोळ उठला. मला मात्र ‘बळी’ अधिक मोठी वाटते, कारण तिथे त्या आपल्या पांढरपेशा वर्तुळाबाहेर, दयेचा सूर न लावता पाहतात. वाचनालयातल्या त्या प्रतीची शिवण उसवली होती. पाने सांभाळतच ती वाचली.