रविवारी कंपनी चालू असते का

रविवारी मी घरी का येत नाही, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तुम्हीच एकटे विचारता असं नाही. मोठी आत्या दर सणाला विचारते, "कामून येईना गेलीस गं, तिथं काय ठिवलंय?" मामा तेच जरा गोड करून विचारतात. कंपनीत डबा उघडला की सोमवारी कुणीतरी असतंच, "काय केलं काल?" मागच्या दिवाळीत मला बघायला आलेल्या मुलाच्या आईने विचारलं, "सुट्टीच्या दिवशी काय करता?" मी तोंड उघडायच्या आत मावशीने "भरतकाम" असं ठोकून दिलं. मी जन्मात रुमालाला टाका घातलेला नाही.

पगार किती, त्यातला घरी किती जातो, भावाच्या फीचं काय झालं, हे तुम्हाला तोंडपाठ आहे, ते सोडून देते. प्रश्न रविवारचा आहे. गेवराईहून औरंगाबाद (पाटीवर आता छत्रपती संभाजीनगर आहे, बोलताना माझ्या तोंडी अजून जुनंच येतं) एसटीने दोन-अडीच तास. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं, म्हणजे परवडत नाही ही सबबही सरकारने काढून घेतली. मग मी येत का नाही?

उत्तर एवढंसं आहे की ऐकून तुम्हाला रागच येईल. मी इथे काही करत नाही. रविवारी साडेपाचला गजर न लावता जाग येते. बाकीचे सहा दिवस गजर लावूनही येत नाही, कारण सव्वासहाला सिडकोच्या कोपऱ्यावर वाळूजला जाणारी कंपनीची बस उभी असते आणि ती कुणासाठी थांबत नाही. रविवारी जाग येते आणि उठायचं नसतं. नुसतं पडून राहायचं. घरी आठ वाजेपर्यंत पडून राहिलं तर आई कपाळाला हात लावून बघते.

मग स्कूटी काढून विद्यापीठाच्या पलीकडे गोगाबाबाच्या टेकडीला. वर बसलं की खाली बीबी का मकबरा दिसतो, थंडीत धुक्यात अर्धा बुडालेला. त्याला सगळे ताजमहालाची नक्कल म्हणून हिणवतात. संगमरवर घुमटाला आणि खालच्या पट्ट्याला, मधे सगळा गिलावा. ज्याने बांधला त्याला जेवढं परवडलं तेवढं त्याने केलं, असं मला वाटतं, आणि म्हणून तो मला आवडतो. टेकडीवर रोज येणारे आजोबा लोक एकमेकांची शुगर विचारत असतात. मला कुणी काही विचारत नाही. उतरताना टपरीवर चहा, गुलमंडीवर गरम इमरती, दोनच. कागदातून पाक बोटांवर येतो, तो चाटत गाडीपर्यंत यायचं. झालं.

आणि पाणी. हसू नका. आमच्या भागात नळाला पाणी आठवड्याने येतं, कधी आणखी लांबतं. ते रविवारी आलं तर तो आमचा सण. सगळ्या मजल्यांवर मोटारी, बायका जिन्यात, "आलं का हो तुमच्याकडं?" पिंप, बादल्या, पातेली, सगळं भरून झालं की मी डोक्यावरून तीन बादल्या पाणी घेते आणि एकही मोजत नाही. पाणी जायकवाडीचं. धरणातून सोडलं की तीच गोदावरी शहागडच्या पुलाखालून आमच्या शिवाराच्या बाजूने जाते. लहानपणी ती फुकट बघितलेली आहे. आता तिच्या तीन बादल्यांसाठी मी रविवारची वाट बघते, हे अण्णांना, म्हणजे वडिलांना, सांगितलं तर ते म्हणतील, मग इकडंच ये की आंघोळीला.

आता जे अजून सांगितलं नाही ते. मी नान-खलिया खाते. महिन्यातून एकदा. माझी रूममेट परभणीची, तिने पहिल्यांदा शहागंजला नेलं. हळदीच्या रंगाचा जाड नान, वर तेलाचा तवंग आलेला मटणाचा खलिया. तुघलकाने राजधानी दिल्लीहून देवगिरीला आणली तेव्हा सैन्यासाठी हे जेवण निघालं असं इथले लोक सांगतात. खरं असेल नसेल. आमच्या घरात तीन पिढ्या माळ आहे. अण्णांची आषाढीची वारी चुकत नाही. मी पहिला घास घेतला तेव्हा गळ्याशी हात गेला होता, आणि माझ्या गळ्यात तर माळ कधी नव्हतीच.

हे सगळं मी घरी कसं सांगायचं? 'रविवारी येत नाही कारण मला इमरती खायची आहे' असं कोणती मुलगी सांगते? म्हणून मी ओव्हरटाइम सांगायचे. ओव्हरटाइमला आमच्याकडे मान आहे. पोरगी राबते म्हटलं की आत्यासुद्धा गप्प बसते.

दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीतली गोष्ट आहे. शनिवारी रात्री आईचा फोन. "उद्या ये, हुरडा आलाय." मी म्हणाले, "उद्या ओव्हरटाइम आहे गं, शिपमेंट आहे." शिपमेंट हा शब्द मी मुद्दाम घालायचे. आई म्हणाली, "बरं, जीवाला जप." मला अपराधी वाटलं असं इथे लिहिता आलं असतं. नाही वाटलं. मी पांघरूण ओढून झोपले.

रविवारी टेकडी झाली. नंतर रूममेट म्हणाली, चल शहागंजला. गर्दी होती, उभंच होतो. सव्वाबाराला अण्णांचा फोन आला. अण्णा फोन करत नाहीत, ते आईच्या फोनवर शेवटी दोन वाक्यं बोलतात. मी कट केला. मागे तंदूरवाला ओरडत होता, रिक्षांचे भोंगे, कंपनीत आहे म्हणायची सोयच नव्हती. मेसेज टाकला, "कामात आहे अण्णा. संध्याकाळी करते." आणि जेवले. त्या दिवशी एकादशी नव्हती, एवढंच.

संध्याकाळी फोन केला तर म्हणाले, "काही नाही माय, सहज केला होता." आवाज नेहमीचाच.

सोमवारी बस गेटवर थांबली तर सिक्युरिटीतले काका पिशवी घेऊन आले. "मॅडम, काल तुमचे वडील आले होते." खताच्या गोणीची शिवलेली पिशवी. आत ओल्या फडक्यात गुंडाळलेली ज्वारीची कणसं, मिठाची पुडी, तिळाच्या चटणीची पुडी. फडकं कोरडं झालं होतं.

हुरड्याचं तुम्हाला सांगायला नको. सकाळी खुडला तर दुपारी खाल्ला पाहिजे. दुसऱ्या दिवशी दाण्यातलं दूध आटतं, गोडी जाते, ज्वारी ज्वारीच्या वाटेला लागते. अण्णांनी अंधारात खुडून पहिली एसटी धरली असणार, बसस्थानकावर उतरून वाळूजची गाडी विचारत विचारत.

मी क्वालिटीत आहे. माझं अर्धं काम रजिस्टर तपासण्याचं. मी काकांना म्हणाले, व्हिजिटरचं रजिस्टर बघू. रविवारच्या पानावर एकच ओळ होती. अण्णांचं नाव, त्यांच्या अक्षरात, आडनाव रकान्याबाहेर गेलेलं. आत आल्याची वेळ १०.४०. 'कोणाला भेटायचे' इथे माझं नाव, पुढे सौ. की कु. काही नाही. 'भेटण्याचे कारण' या रकान्यात लिहिलं होतं, हुरडा. बाहेर गेल्याची वेळ कोरी.

कोरा रकाना दिसला की मी विचारते, सवयच आहे. "गेले कधी?" काका म्हणाले, "चार वाजले असतील. मी सांगितलं हो त्यांना, रविवारी कंपनी बंद असते. ऐकेचनात. म्हणाले, 'तुम्हाला माहीत नसंल, आत चालू हाय.' मी म्हणालो फोन लावा. लावला, तुम्ही उचलला नाही. मग मेसेज दाखवला मला. 'हे बघा, कामात हाय.'"

मी काकांना काय बोलले आठवत नाही. बस निघून गेली होती, मागून गेटपासून प्लांटपर्यंत चालत गेले. गेटवर रविवारी सावली नसते, सिक्युरिटीच्या केबिनला एकच खुर्ची. जवळचं हॉटेल बंद. ते कुठे बसले, काय खाल्लं, हे मी काकांना विचारलं नाही. अजून विचारलेलं नाही. रोज त्यांच्यासमोरून आत जाते.

त्या रात्री गॅसवर कणसं भाजली. चोळून दाणे काढले. कडक होते, दाताला लागत होते. एकेक करून सगळे खाल्ले, रूममेटला दिले नाहीत. मग फोन केला. "अण्णा, हुरडा मिळाला."

"गोड होता का?"

"हो."

"बरं झालं."

त्यांना बंद गेट दिसलं होतं. आत माणूस नाही, भोंगा नाही, पार्किंगमध्ये एक गाडी नाही. तरी ते चार वाजेपर्यंत बसले. त्यांना कळलं नसेल असं मी स्वतःला काही दिवस सांगून बघितलं. तुम्ही अण्णांना ओळखता. ढगाकडे बघून पावसाचा वार सांगणारा माणूस आहे.

त्यानंतर दोन महिने मी दर रविवारी घरी आले. तुम्हाला आठवत असेल, आत्या म्हणाली होती, "आता कशी वळणावर आली." मी यायचे, ओट्यावर बसायचे, शेजारच्या बायका येऊन माझ्याकडे बघायच्या, माझं वजन, माझे केस, माझं वय. आई भाकरी थापताना मला स्थळं सांगायची. अण्णा शेतात. संध्याकाळच्या गाडीला ते सोडायला यायचे आणि आम्ही दोघं फाट्यावर उभे राहून पाचोडकडे जाणाऱ्या गाड्या मोजायचो. वाईट काही नव्हतं. पण सोमवारी बसमध्ये बसताना वाटायचं, रविवार झालाच नाही. तिसऱ्या महिन्यात मी आले नाही. त्या वेळी ओव्हरटाइम सांगितला नाही, नुसतं "येत नाही" म्हणाले. आई दोन दिवस बोलली नाही.

नोकरी लागली त्या वर्षीची मी समोर असती तर तिने, त्या जुन्या मीने, हे ऐकूनच घेतलं नसतं. तिच्या मोबाइलमध्ये यादी होती, रविवारी जर्मन शिकणे, पोहणे, इंग्रजी पेपर वाचणे. तिचं म्हणणं, शहरात राहायचं तर त्यातून काहीतरी झालं पाहिजे. ती घरी "क्लास असतो" सांगायची आणि निदान तिला क्लास लावायचा तरी होता. मी तिला सांगते, बाई, टेकडीवर बसणं पुरेसं आहे, त्याची फी नाही आणि परीक्षा नाही. ती म्हणते, मग त्यासाठी बापाला गेटवर बसवलंस? माझ्याकडे उत्तर नसतं. मग मीच तिला विचारते की तू जर्मनच्या क्लासला असतीस तर अण्णा गेटवर कमी वेळ बसले असते का? तिच्याकडेही नसतं.

तुम्ही म्हणाल, एवढं कळतं तर सरळ सांगायचं होतं आधीच. खरं आहे. पण खरं सांगायचं तर (हे मी आत्ता लिहिताना पहिल्यांदा कबूल करते) चोरून घेतलेला रविवार जास्त गोड लागायचा. आता खरं सांगून राहते तर इमरती तीच, टेकडी तीच, आणि कुठेतरी कमी पडतं. नान-खलिया मात्र सोडलेला नाही. आणि तो अजून घरी सांगितलेला नाही. आईच्या वाचनात हे आलं तर आलं.

बाकी सगळे विचारतात, पण अण्णांनी मला कधी विचारलं नाही की तू तिथे काय करतेस. ते एकच विचारतात. परवा शुक्रवारी रात्री त्यांनी स्वतःच्या फोनवरून फोन केला. जेवलीस का, थंडी आहे का, झालं. मग थोडं थांबून म्हणाले, "रविवारी कंपनी चालू असते का?"

मी म्हणाले, "बंद असते, अण्णा."

"बरं," म्हणाले. नंतर ज्वारीचंच बोलत राहिले. औंदा कणसं भरलीत, पण पाखरं लई झालीत, गोफण घेऊन दिवसभर माळ्यावर बसावं लागतं.