काकांच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स

विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला आणि आमच्या ठाण्यातल्या चरईच्या सोसायटीचे खजिनदार काका लॅपटॉप काखोटीला मारून माझ्याकडे आले. सहाव्या पिढीचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे तो रस्ता बंद. दुकानदार म्हणाला होता, नवीनच घ्या. "अरे, चांगला चालतोय की! मी काय त्यावर सिनेमे बनवतो?" काकांचा मुद्दा बिनतोड होता.

मग विंडोजऐवजी लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम टाकायचं ठरवलं. तिचे अनेक अवतार असतात, त्यांना डिस्ट्रो म्हणतात. डिस्ट्रोचं नाव काढायच्या आधी मी कामं विचारली. एक्सेलमध्ये सोसायटीचे हिशोब, मराठी नोटिसा, प्रिंट, बँक, वीजबिल, व्हॉट्सअ‍ॅप वेब. टॅली, म्हणजे हिशोबाचं सॉफ्टवेअर, ऑडिटरकडे असते, हे बरं झालं. ती लिनक्सवर सरळ चालत नाही. ज्याचा रोजचा धंदाच टॅलीवर चालतो, त्याला मी या वाटेला लावणार नाही.

काकांच्या पुतण्याने फोनवरून आर्च ही नवख्यांना जड जाणारी डिस्ट्रो सुचवली. त्याला नमस्कार! काकांनी स्वतः सी-डॅक या सरकारी संस्थेच्या 'बॉस' या डिस्ट्रोबद्दल विचारलं, "आपलं भारतीय आहे ना?" आहे, डेबियन या जुन्या डिस्ट्रोवर बेतलेलं आहे. पण रात्री काही अडलं आणि मी गावाला असलो, तर शोधल्यावर उत्तर सापडायला हवं, आणि उबुंटू आणि मिंट या डिस्ट्रोंची उत्तरं ढिगाने सापडतात. फेडोरा या आणखी एका डिस्ट्रोच्या एका आवृत्तीला साधारण १३ महिनेच अपडेट मिळतात. वर्षाकाठी हा सोहळा कोण करणार? उबुंटूच्या पडद्यावर काका विंडोजसारखा स्टार्ट मेनू शोधत राहिले असते. मिंटच्या सिनॅमन या डेस्कटॉपमध्ये तसा मेनू खाली डाव्या कोपऱ्यातच असतो. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. ठरलं.

ड्युअल बूट, म्हणजे एकाच डिस्कवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवणं, मी मुद्दाम टाळलं. त्यासाठी डिस्कचे भाग पाडायचे म्हटलं की नवख्या माणसाच्या पोटात गोळा येतो, आणि ते रास्तच आहे. त्याऐवजी २५६ जीबीची एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कपेक्षा वेगवान डिस्क, घेतली. मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार, लॅमिंग्टन रोड, गाठायची गरज पडली नाही, स्टेशनजवळच मिळाली. जुनी हार्ड डिस्क विंडोजसकट बाहेर काढून ठेवली. नाही जमलं तर चार स्क्रू फिरवायचे, लॅपटॉप होता तसा. हे ऐकल्यावर काकांचा चेहरा सैल झाला. शिवाय लॅपटॉप सुरू व्हायचा वेळ इतका कमी झाला, की त्याचं सगळं श्रेय काकांनी लिनक्सला दिलं. खरं तर निम्म्याहून जास्त एसएसडीचं होतं, पण मी कशाला बोलतोय!

मिंटची आयएसओ फाइल, म्हणजे इन्स्टॉलरची फाइल, जवळपास ३ जीबीची. फाइल नीट उतरली का, हे चेकसम जुळवून पाहिलं आणि रुफस या प्रोग्रामने ती पेनड्राइव्हवर चढवली. इन्स्टॉल करण्याआधी पेनड्राइव्हवरूनच मिंट चालवून काकांना खेळू दिलं. आवाज ठीक, प्रिंटर आपोआप सापडला, वायफाय मात्र दिसेना. फोन यूएसबीने जोडून टेदरिंग सुरू केलं की नेट येतं. इन्स्टॉलनंतर त्याच नेटवर ड्रायव्हर मॅनेजरने वायफायचा ड्रायव्हर उतरवला. इन्स्टॉलेशनमध्ये सांगण्यासारखं काही नाही. टाइमझोनच्या नकाशावर ठाण्याऐवजी कोलकाता बघून काका थोडे नाराज झाले, तेवढंच.

खरी कसोटी नोटिसांची. जुनी डिस्क केसिंगमध्ये घालून फाइली आणल्या, मिंटमधल्या लिबरऑफिसमध्ये, म्हणजे एमएस ऑफिसच्या पर्यायात, उघडल्या, तर इंग्रजी अक्षरांचा नुसता कचरा. नोटिसा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या, युनिकोडमध्ये (प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा कोड देणारी पद्धत) नाही. त्यात फाइलमध्ये साठतात इंग्रजी अक्षरांचे कोड. मराठी आकार फक्त फॉन्टमध्ये असतात. "म्हणजे इतकी वर्षं मी इंग्रजीत नोटिसा काढत होतो?" काका हादरलेच. विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधली ती टीटीएफ फाइल मिंटवर डबल-क्लिक करून बसवली, आणि 'थकबाकीदार सभासदांस' पुन्हा वाचता आलं.

नवीन नोटिसा मात्र युनिकोडमध्येच, असं ठरवून घेतलं. कीबोर्डची मांडणी इन्स्क्रिप्ट: स्वर डाव्या हाताखाली, व्यंजनं बहुतेक उजव्या. इंग्रजी अक्षरांनी उच्चाराप्रमाणे टाइप करायचा फोनेटिक सोपा पडला असता, पण इन्स्क्रिप्ट विंडोजवरही तसाच मिळतो, म्हणजे शिकलेलं वाया जात नाही. तक्ता छापून पडद्याखाली चिकटवला. पहिली नोटीस पाण्याच्या टाकीच्या सफाईची. टाइप करताना काकांनी 'ज्ञ'साठी बराच घाम गाळला.

हिशोबाच्या एक्सएलएसएक्स फाइली सरळ उघडल्या, बेरजा जुळल्या. लिबरऑफिसच्या सेटिंगमध्ये कायमचा फॉरमॅटही एक्सएलएसएक्सच ठेवला, नाहीतर ऑडिटरला लिबरऑफिसच्या स्वतःच्या फॉरमॅटची ओडीएस फाइल जायची आणि त्याचा फोन मला यायचा. सिस्टिमची प्रत जपणारं टाइमशिफ्टही चालू केलं, म्हणजे एखाद्या अपडेटने घोळ घातला तर आधीच्या दिवशीच्या सिस्टिमवर परतता येतं.

मिंट पासवर्ड पुन्हा पुन्हा का विचारतो, ही काकांची तक्रार अजून आहे. त्यांना सांगितलंय, तुम्ही स्वतः काही बसवत असाल किंवा अपडेट करत असाल तरच द्या. पासवर्डची खिडकी आपणहून उघडली तर कॅन्सल दाबा आणि मला हाक मारा.